वाटीतला समुद्र

पिकलेल्या चिकूंचा वास सुटला की मी तलासरीच्या या घरातून थेट बोर्डीला, माहेरच्या ओट्यावर जाऊन पोचते. त्या दिवशी तिथे मजूर बायका चिकू निवडत बसल्या होत्या आणि माझ्या हातात सुमीचं पत्र होतं. सुमी माझी शाळेतली मैत्रीण, बोर्डीला समुद्राकाठच्या वसतिगृहात राहून शिकलेली आणि दहावीनंतर तलासरीकडे आपल्या पाड्यावर परत गेलेली. आमच्याकडे कुणाचंही पत्र आलं तरी ते सगळ्यांसमोर वाचायची पद्धत होती.

“मोठ्याने वाच गं,” काकू म्हणाली.

मी वाचत गेले. ‘इथे समुद्र ऐकू येत नाही, झोपच लागत नाही. मग मी कानावर वाटी धरते. कुणाला सांगू नकोस, हसतील.’ तेही वाक्य मी वाचलं, तिच्यासारखा हेल काढून. काकूने शेजारची वाटी उचलून कानाला लावली आणि सगळ्या खो खो हसल्या. सुमीच्याच पाड्यावरची लखमी तेवढी खाली मान घालून चिकू निवडत राहिली.

हंगाम संपला, लखमी पाड्यावर परत गेली. सुमीचं पुढचं पत्र आलं ते ‘बोर्डीच्या सर्व मंडळींस नमस्कार’ म्हणत. खाली भाताची, म्हशीची खबर. “किती रीतीची पोर!” काकू म्हणाली. मलाही कौतुकच वाटलं. त्यात माझं नाव कुठेच नव्हतं, हे कळायला फार वर्षं गेली.

आता मी तिच्याच मुलखात राहते, पण तिची चौकशी करायला जीभ रेटत नाही. चिकू खाऊन झाले की वाटी धुते, पुसते आणि कुणी बघत नाही ना, याची खात्री करून कानाला लावते.