होईलराव

रुग्णालयाच्या तळघरातल्या धुलाईघरात त्याला खऱ्या नावानं कुणी हाक मारल्याचं ऐकिवात नाही. तो होईलराव. साहेब दारातूनच विचारायचे, "आज वरच्या दोन मजल्यांच्या चादरी जास्तीच्या आहेत, जमेल ना?" हा म्हणायचा, "होईल." पुढे पुढे तर साहेबांनी उत्तर ऐकायचंच सोडलं. प्रश्न विचारता विचारताच ते जिन्याकडे वळत.

काम सांगायला सोपं. दोन गरम रुळांमध्ये ओली चादर घालायची, पलीकडून ती कोरडी, कडक होऊन येते. एकानं घालायची, दुसऱ्यानं पलीकडे घ्यायची. घालणारा जोडीदार नोकरी सोडून गेला, तेव्हा साहेब म्हणाले, "दुसरा मिळेतोवर दोन्हीकडचं सांभाळशील?" आता हा काय म्हणाला असेल, ते तुम्हीच सांगा. आणि त्या 'तोवर'ला असं काही शेपूट फुटलं की संपता संपेना. चादर इकडे घाल, धावत जाऊन तिकडे घे, पुन्हा इकडे ये.

चादरींच्या घड्या घालणाऱ्या मावशी म्हणायच्या, "अरे, घाण्याच्या बैलालासुद्धा संध्याकाळी सोडतात."

"सोडतील," तो म्हणायचा.

घरी अंथरुणावर पडलं तरी रुळांची घरघर कानात चालूच. बोलणं कमी झालं, झोप उडाली. एकदा जेवताना बायकोनं विचारलं, "अहो, तुम्हाला झालंय तरी काय?"

ताटाकडे बघत तो म्हणाला, "होईल."

लेक खुदकन हसली. बायको हसली नाही. तिला त्याच्या मनगटावरचा लाल चट्टा दिसला होता.

"हे कसलं?"

"उभ्या उभ्या डोळा लागला. चादरीबरोबर हातही निघाला होता आत. मावशींनी मागे ओढलं."

"आणि उद्या मावशी पाणी प्यायला गेलेल्या असल्या तर?"

तो घास चिवडत राहिला.

"साहेबांना होणार नाही म्हणून सांगा. हं, इथं म्हणून बघा."

"होणार..." एवढं आलं. पुढचं 'नाही' घशातच फतकल मारून बसलं.

"राहू द्या, जेवा," ती म्हणाली. तिचा आवाजही दमलेलाच होता.

दुसऱ्या दिवशी साहेब दारात आले. "शेजारच्या इमारतीच्या चादरीही आजपासून इकडेच. जमेल ना?"

"होणार नाही," तो म्हणाला. चांगलं स्पष्ट म्हणाला, मावशींनी ऐकलं.

"शाब्बास," म्हणत साहेब जिना चढूही लागले.

मावशींना हसू फुटलं, पण त्याचा चेहरा बघून त्यांनी ते आवरलं. एकदा म्हणतानाच अर्धा जीव गेला होता, आता पुन्हा म्हणायचं? त्यानं मनगट चोळलं. मग खटका खाली केला. घरघर थांबली. तो साहेबांच्या मागोमाग जिना चढू लागला.

"साहेब, मी होणार नाही म्हणालो."

"कधी?"

"आत्ता."

साहेब पायरीवरच थबकले. "मग इतके दिवस बोलला का नाहीस?"

"इतके दिवस होत होतं." त्यानं मनगट पुढे केलं. "आता एकट्यानं चालवलं तर हात जाईल माझा. रात्री झोप नाही, दिवसा डोळे मिटतात."

साहेब चट्ट्याकडे बघत राहिले. रागावले म्हणावं तर तसंही नाही. आपण कुठे उभे आहोत हेच विसरल्यासारखे वाटले. मग म्हणाले, "बघतो."

"तुम्ही बघेपर्यंत मी यंत्र बंद ठेवतो."

खाली येऊन तो ओल्या चादरींच्या ढिगाशेजारी बाकावर टेकला. नोकरी राहील की जाईल, काही कळायला मार्ग नव्हता. मावशी आपल्या घड्या घालत होत्या. यंत्र बंद असल्यानं नळाचं ठिबकणंसुद्धा ऐकू येत होतं.

बऱ्याच वेळानं मावशींनी विचारलं, "आता काय होईल रे?"

भिंतीला डोकं टेकून होईलराव गाढ झोपला होता.