डबे त्यांचे, नाव तिचं

धाकटीने थोरल्या दिरावर डूख धरला होता. त्याला कारण होतं, आणि ते कारण ती कुणी विचारलं तरी सांगायची, नाही विचारलं तरी सांगायची.

थोरल्याचं स्टीलच्या डब्यांचं ठोक दुकान होतं. पुढे अरुंद गाळा, मागे छतापर्यंत खोक्यांनी भरलेलं गोदाम. धाकटीचा नवरा म्हणजे थोरल्याचा पाठचा भाऊ. मिसरूड फुटल्यापासून तो त्या गोदामात राबला. खोकी चढव, खोकी उतरव, डबा कुठला, झाकण कुठलं ते जुळव. पगार असा काही ठरलेलाच नव्हता. "घरचंच तर आहे," असं म्हणत थोरला अधूनमधून त्याच्या हातावर काहीतरी टेकवायचा. मग धाकट्याच्या पाठीने दगा दिला. डॉक्टरांनी ओझं उचलायला मनाई केली, आणि घरचं म्हणजे किती घरचं ते कळायची वेळ आली.

त्या दिवशी धाकटी काही कामाने दुकानात गेली होती. एक नवं गिऱ्हाईक आलं होतं. भिंतीला टेकून उभ्या असलेल्या धाकट्याकडे बोट दाखवून त्याने विचारलं, "हे कोण?" थोरला गल्ल्यावर बसला होता. त्याने मानही वर केली नाही. म्हणाला, "कामाचा माणूस आहे. आता त्याच्याच्याने होत नाही, बदलायचाय."

सख्खा भाऊ हो! एका आईच्या पोटचा! धाकटीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. धाकटा मात्र हातातलं झाकण फडक्याने पुसत राहिला. बोलणं जणू शेजारच्या दुकानातल्या कुणाबद्दल चाललं होतं. पुढच्याच आठवड्यात त्याच्या जागी थोरल्याचा मेहुणा आला. मेहुण्याची पाठ ठणठणीत होती, कारण ती त्याने कधी वापरलीच नव्हती.

घरी धाकटीने आकाशपाताळ एक केलं. नवरा म्हणाला, "जाऊ दे. दादा घाईत असेल."

"तुम्ही द्या जाऊ," ती म्हणाली. "मी नाही देणार. त्यांचं नाक खाली केल्याशिवाय मी गप्प बसणार नाही."

बोलणं सोपं होतं. हातात ना भांडवल, ना गाळा, ना ओळख. वाट दाखवली ती खालच्या मजल्यावरच्या शेजारणीने. ती बाई मोबाईलवर कानातले विकायची, आणि त्यातला एकही जोड तिने कधी डोळ्यांनी पाहिलेला नव्हता. "अगं, माल दुसऱ्याचा, गोदाम दुसऱ्याचं," ती समजावत होती. "आपण मोठ्या ऑनलाइन बाजारात दुकान उघडायचं, फोटो लावायचे. ऑर्डर आली की ठोकवाल्याला कळवायची. तो आपल्या दुकानाची चिठ्ठी लावतो आणि परस्पर गिऱ्हाइकाला पाठवतो. त्याचा भाव आणि आपला भाव, यांच्यामधलं ते आपलं."

दुसरी एखादी बाई कानातलेच विकायला लागली असती. धाकटीच्या डोक्यात मात्र एकच शब्द अडकला: चिठ्ठी.

थोरल्याला आपल्या नावाचं भारी वेड. दुकानाच्या नावाचा लाल गोल स्टिकर तो खोक्यावर लावायचा, झाकणावर लावायचा, डब्याच्या बुडालाही लावायचा. त्याचं चाललं असतं तर गिऱ्हाइकाच्या कपाळावरही लावला असता. आता त्याच माणसाच्या हातून त्याच्याच डब्यांवर आपलं नाव चिकटवून घ्यायचं, असं तिने ठरवलं. आपण कोण ते त्याला कळू द्यायचं नाही. गोदामातला एकेक डबा त्याने आपलं नाव खरवडून माझ्या नावाने पाठवला पाहिजे.

दुकानाला तिने स्वतःचं नाव दिलं. यात धोका काहीच नव्हता. लग्न होऊन या घरात आल्या दिवसापासून सगळ्यांनी तिला धाकटी केलं होतं. थोरल्याला तिचं नाव विचारलं असतं तर त्याने बायकोकडे पाहिलं असतं, आणि बायकोने छताकडे. परत येणारा माल बहिणीच्या पत्त्यावर, पैसे बहिणीच्या खात्यातून. नवऱ्याच्या इतक्या वर्षांच्या सेवेपोटी घरात आलेले चार डबे तिने घासूनपुसून खिडकीच्या कट्ट्यावर मांडले. एका हाताने झाकण उचलून धरलं, दुसऱ्या हाताने फोटो काढले. पडद्यावरची पिवळी फुलं आली, तिचं मनगट आलं, मनगटावरचा भाजल्याचा जुना डागही आला. फोटो काही झकपक नव्हते, पण डबे खरे दिसत होते.

मग तिने थोरल्याला मोबाईलवर लिहिलं. फोन नाही, फक्त लिहिणं. अट एकच. डब्यावर तुमचा स्टिकर नको, खोक्यात तुमचं बिल नको, बाहेर आमचीच चिठ्ठी. थोरल्याने आढेवेढे घेतले. पण दुकानात वर्दळ कमी झालेली, आणि ही कोण कुठली बाई आगाऊ पैसे पाठवत होती. शेवटी त्याचं उत्तर आलं: "चालेल मॅडम."

मॅडम! धाकटीने तो शब्द स्वयंपाकघरात उभं राहून चार वेळा मोठ्याने वाचला. तिच्या मनात उकळ्या फुटत होत्या.

नवऱ्याला तिने सांगितलं की माल दुसऱ्या गावच्या व्यापाऱ्याकडून येतो. तो "बरं" म्हणाला. पुढे काही दिवसांनी त्यानेही सांगितलं की एका इमारतीच्या दारावर बसायचं काम मिळालंय. सकाळी जायचा, दिवेलागणीला यायचा. कुठली इमारत, कसली माणसं, हे तिने विचारलं नाही. तिचं सगळं लक्ष मोबाईलवर.

सुरुवात मात्र भिकार झाली. तीन पुडांच्या डब्याला दोनच झाकणं गेली. कुणाला बाटलीऐवजी चाळणी मिळाली. गिऱ्हाइकांनी तिच्या नावाने खडे फोडले, दुकानाचे तारे धडाधड खाली आले. बाजाराची ताकीद आली की असंच चाललं तर दुकान बंद करू. धाकटीने थोरल्याला असं काही झाडलं, असं काही झाडलं, की लिहिता लिहिता तिचा अंगठा दुखायला लागला. "चूक झाली मॅडम, बघतो मॅडम." आणि खरंच, त्यानंतर सगळं सुरळीत झालं. झाकण चुकेना, खोकं चेपेना. चिठ्ठी अशी सरळ लागायची की पट्टी ठेवून लावल्यासारखी. लोक लिहायचे, "बांधणी सुरेख. मनापासून काम करतात." ते वाचून धाकटी खदखदून हसायची. थोरला वाकलाय, जिभेने बोट ओलं करून चिठ्ठी सोलतोय, तिच्या नावावरून तळवा फिरवतोय, हे चित्र ती डोळ्यांसमोर आणायची. दिवसभरातला तिचा तेवढाच विसावा. चहासुद्धा तिला इतका गोड लागत नसे.

धंदा चढत गेला. माणूस कितीही मॅडम मॅडम करो, दोन किमतींमधलं अंतर त्याला खुपतंच. थोरल्याच्या मनाने घेतलं की या बाईची गरजच काय? माल माझा, गोदाम माझं. आपणच ऑनलाइन बसू. त्याने त्याच बाजारात स्वतःच्या नावाने दुकान उघडलं, कारखान्यातून ट्रक भरून माल आणला आणि भाव धाकटीपेक्षा कमी लावले. फोटोंचं काम मेहुण्याकडे सोपवलं. मेहुण्याने काय करावं? नवे फोटो काढायचे तर उठावं लागलं असतं. त्याने बसल्या जागी धाकटीच्याच दुकानातले सगळे फोटो उचलले.

धाकटीने ते दुकान उघडून पाहिलं. तिची खिडकी, तिची पिवळी फुलं, तिचं मनगट, आणि वर थोरल्याचं नाव. आधी तिने एकेक फोटो मोठा करून पाहिला. मग तिने खालचे शेरे वाचले. कुणीतरी लिहिलं होतं, "फसू नका, ही नक्कल आहे. असली माल दुसऱ्या दुकानात मिळतो." आणि पुढे तिचं नाव! डबे थोरल्याच्याच दुकानातले, आणि लोक त्यालाच नकली म्हणत होते. ती पलंगावर बसून डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली.

इथे थांबली असती तरी भरून पावली असती. पण डूख धरलेलं माणूस थांबतं कुठे? तिने बाजाराकडे तक्रार केली की माझे फोटो चोरले आहेत. पुरावा म्हणून मनगटावरच्या डागाचा नवा फोटो जोडला. तक्रार शंभर टक्के खरी होती. बाजाराने थोरल्याचं दुकान बंद केलं आणि त्याचे अडकलेले पैसे गोठवले. तक्रार मागे घेतली तरच ते सुटणार होते. बंद करण्याच्या पत्रात तक्रारदाराचं पूर्ण नाव असतं. तिचं, नवऱ्याचं आणि आडनाव.

दुसऱ्या दिवशी, धाकटा नुकताच घरी येऊन पाय धूत होता, तेव्हा थोरला दारात उभा राहिला. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच. घामाने सदरा पाठीला चिकटलेला, तोंडचं पाणी पळालेलं. धाकटीने दार पूर्ण उघडलं. हा क्षण तिने मनात इतक्यांदा जगून घेतला होता की काय बोलायचं ते पाठ होतं.

"या भावजी. मॅडम घरीच आहे."

"तू?" थोरला म्हणाला. "ती बाई तू? धाकटे, तू माझं दुकान बंद पाडलंस?"

"मीच. इतके दिवस माझी चिठ्ठी चिकटवत होतात, नाव वाचलं नाहीत वाटतं? कसं वाटलं हो, आपल्या हाताने आपलं नाव खरवडून कामाच्या माणसाच्या बायकोचं नाव लावताना?"

 थोरल्याची नजर तिच्या खांद्यावरून आत गेली. मोरीच्या दारात धाकटा ओले पाय पुसायचे सोडून उभा होता.

"आणि तू," थोरला त्याला म्हणाला. "तुला माहीत होतं. रोज माझ्या गोदामात बसून हिचीच खोकी बांधत होतास, आणि तोंडातून अवाक्षर काढलं नाहीस?"

"कुठे बसून?" धाकटी म्हणाली. "कोण?"

थोरला एकदा तिच्याकडे, एकदा भावाकडे बघू लागला.

"कोण बांधत होतं?" तिचा आवाज चढला. "अहो, मी तुम्हाला विचारतेय."

धाकटा पंचा हातात चुरगाळत म्हणाला, "मेहुणा झाकणं चुकवत होता. तुझ्या नावाला लोक काय काय लिहायला लागले होते. मला वाचवेना. दुकान बंद करतील असं तूच म्हणालीस."

"माल त्यांच्याकडून येतो हे तुम्हाला काय ठाऊक?"

"फोटोत डबे होते की. ते मी ओळखणार नाही?" तो जरासा हसला. "दादाकडे गेलो. म्हटलं, रोजावर ठेव. मी येतो हे घरी कळू देऊ नकोस."

"मी काही बोलवायला गेलो नव्हतो," थोरला म्हणाला. "हाच आला. ओझं उचलत नाही, बसून बांधेन, म्हणाला. मी म्हटलं, ठीक आहे."

धाकटीला एकेक रात्र आठवली. पाठ दुखते म्हणून नवरा आडवा व्हायचा, आणि त्याच्याच उशाशी बसून ती लोकांचे शेरे वाचत हसायची. ज्या गोदामातून त्याला हाकललं होतं तिथेच तो हात जोडून परत गेला होता, तिच्यासाठी. थोरल्याने एकही चिठ्ठी लावली नव्हती. त्याला पूर्वीचा कामाचा माणूस पूर्वीपेक्षा स्वस्तात मिळाला होता, तोही तिच्याच ऑर्डरींच्या जिवावर. इतके दिवस ती ज्याला वाकवत होती तो तिचा नवराच होता.

थोरल्याने संधी साधली. आवाज मऊ केला. "झालं गेलं सोडून दे. तक्रार मागे घे. मी माल देतो, हा बांधेल, तू वीक. आपण घरचेच आहोत."

तो शब्द त्याने उच्चारला नसता तर कदाचित तिने मागे घेतलीही असती.

"तक्रार मागे घेणार नाही," ती म्हणाली. "तुमचं गोदाम गंजू दे. माझं दुकान बुडतंय तर तेही बुडू दे. जा तुम्ही."

"अगं, पण माल कुठून..." धाकटा म्हणायला लागला.

"जा म्हणते ना!"

थोरल्याने भावाकडे पाहिलं. भावाने खाली पाहिलं. मग थोरला जिना उतरून गेला, आणि तो खालच्या मजल्याच्याही खाली पोचल्याचं कानांनी कळेपर्यंत ती दाराची कडी धरून उभी होती. थोरल्याचं नाक खाली झालं होतं. जे हवं होतं ते सगळं मिळालं होतं. टेबलावर मोबाईल वाजला. कुणीतरी तीन पुडांचा डबा मागवला होता. पाठोपाठ आणखी एक. तिने तिकडे पाहिलं नाही.

धाकट्याने पंचा दोरीवर वाळत घातला, कोपरे नीट जुळवून, त्याच्या सवयीप्रमाणे. मग तिच्याकडे पाठ ठेवूनच त्याने विचारलं, "मग उद्यापासून मी कुठे जाऊ?"

राग नव्हता त्याच्या आवाजात. खरंच विचारत होता. धाकटीने तोंड उघडलं. आजवर या घरात कुणी काही विचारलं आणि तिला उत्तर सुचलं नाही असं झालं नव्हतं. ती त्याच्या वाकलेल्या पाठीकडे बघत उभी राहिली, आणि तो उत्तराची वाट बघत राहिला.