मोड शोधताना पाहिलेलं शहर

ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस मी ठाण्यातल्या एका लहान दैनिकात काम करत होतो. मालकांना जुनं छपाईयंत्र घ्यायचं होतं. ते पाहायला त्यांनी मला पश्चिम जर्मनीला पाठवलं. माझा तो पहिलाच परदेशप्रवास.

निघण्याच्या आदल्या आठवड्यात कल्याणच्या दवाखान्यात पत्नीच्या मानेतल्या गाठीचा तुकडा तपासायला घेतला होता. रिपोर्ट मी तिकडे असताना येणार होता. तिकीट झालेलं होतं. "जा तुम्ही," ती म्हणाली.

डोंबिवलीत आमच्या इमारतीत फोन फक्त तळमजल्यावरच्या काकूंकडे होता. रविवारी दुपारी, जेवणं झाल्यावर, मी तिथे फोन करायचा असं ठरलं. यंत्राचं काम शनिवारी संपलं. सोमवारी पहाटे परतीचं विमान. रविवार मोकळा होता.

तिकडची दुपार म्हणजे इथली सकाळ. चौकातल्या फोनमध्ये होती ती सगळी नाणी टाकली. फोन काकूंनी घेतला.

"अगंबाई, किती स्वच्छ येतोय आवाज! थंडी आहे का हो?"

"आहे. हिला जरा…"

"ही इथेच बसलीय माझ्याशेजारी. जेवणाचे हाल होत असतील ना? थांबा, यांना बोलायचंय."

काकांनी यंत्र कसं आहे ते विचारलं. मग स्वतःसाठी दाढीच्या पात्या आणायला सांगितल्या. मागून पत्नीचा आवाज आला, "जेवले का, विचारा ना." नाणी आत पडत होती. घर त्यांचं, फोन त्यांचा. मला त्यांना तोडता आलं नाही, तिलाही नाही.

"घे गं, बोल," काकू म्हणाल्या. तिचं 'हॅलो' अर्धं आलं आणि नाणी संपून फोन तुटला. त्या अर्ध्या शब्दावरून काही ठरवता येत नव्हतं.

खिशात नोटाच होत्या. दुकानं रविवारी बंद. उतरलो होतो त्या अतिथीगृहात सुट्टीच्या दिवशी कोणी नसे. चर्चमधून बाहेर पडणाऱ्या दोघांपुढे मी नोट धरली. ते बाजूने निघून गेले. उघड्या होत्या त्या फक्त पाहण्याच्या ठिकाणांच्या तिकीटखिडक्या. काचसामानाच्या संग्रहालयातल्या बाईंनी मोड द्यायला मान हलवून नकार दिला आणि दराच्या पाटीकडे बोट केलं. मी तिकीट काढलं. उरलेले पैसे बहुतेक नोटांतच परत आले, म्हणून पुढची खिडकी गाठली, मग त्यापुढची.

तिकीट काढून लगेच बाहेर पडणं बरं दिसणार नाही, म्हणून प्रत्येक ठिकाण पूर्ण पाहिलं. निळे पेले पाहिले. मनोऱ्यावर चढलो, वरून नदी दिसली, पुलावर एकही माणूस नव्हता. वनस्पती-उद्यानाच्या काचघरात शिरताच चष्म्यावर वाफ धरली. पुसून पाहिलं तर समोर केळ. पाटी लावलेली, घड नसलेली. तिथे बाकावर थोडा वेळ बसलो. दिवसभरात कोणी माझ्याशी तिकिटाखेरीज काही बोललं नव्हतं.

पुरेशी नाणी जमली तेव्हा अंधार पडला होता. डोंबिवलीत काकूंकडचा दिवा बंद झाला असणार. दुसऱ्याच्या घरी अशा वेळी फोन करायचा नसतो. मी शेवटचा आकडा सोडून सगळा नंबर फिरवला आणि फोन ठेवला. नाणी खाली परत पडली.

घरी पोचलो तेव्हा पत्नीनं दार उघडलं आणि मी बूट काढण्याआधी म्हणाली, "रिपोर्ट चांगला आला."

मग पाण्याचा तांब्या पुढे करत म्हणाली, "पुन्हा कराल वाटलं. संध्याकाळपर्यंत मी त्यांच्याकडेच होते. त्यांची पानं घेतली तशी उठले. मग जिन्यात बसले, घंटा ऐकू येईल म्हणून. त्यांनी दिवा मालवल्यावर वर आले."

रात्री काका-काकू आले. पात्या विसरलो होतो.

"पण पाहिलंत काय काय?" काकूंनी विचारलं.

मी सांगितलं. पेले, मनोरा, काचघर, केळ.

"एका दिवसात एवढं? चैन केलीत की हो!"

पत्नी कप गोळा करत होती. तिनं वर पाहिलं नाही.