देवाच्या मुठीचं गाडगं

वऱ्हाडातल्या आमच्या उंद्रीला पुण्याकडची एसटी येऊन उभी राहिली आणि माझ्या मायने खिडकीतून एक गाडगं माझ्या मांडीवर ठेवलं. दही लावायचं असतं ना, तेवढंच. सोबत जपून ठेवलेल्या पांढऱ्या ज्वारीचं गाठोडं. "घर कुठंबी कर," माय म्हणाली, "पण चुलीजवळ हे ठेवजो. पहिली मूठ देवाची, मंग आपली." रडली नाही ती. दुष्काळी कामावर खडी फोडायची वेळ झाली होती, तशीच परत फिरली.

तुम्ही उंद्रीत मागे राहिलेल्या बहिणींना हे सांगायला नको, पण पोरासोरांसाठी सांगते. आमच्या ख्रिस्ती घरांत स्वयंपाकाआधी मूठभर धान्य बाजूला काढत. रविवारी ते चर्चमध्ये जाई आणि तिथून ज्याच्या घरी अडचण, त्याच्याकडे. त्या मोठ्या दुष्काळात रेशनवर लाल मिलो, म्हणजे परदेशी ज्वारी, मिळायचा, तर मायच्या गाडग्यात मिलोची मूठ पडायची. मी एकदा म्हटलं, "आपल्यालेच पुरत नाही, अन् देवाले काऊन?" तर म्हणे, "त्याले कुठं भूक लागते बाई? आपल्या हाताची सवय मोडू नये म्हणून."

हे, म्हणजे माझे मालक, पुण्याला छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवायला लागले होते. एक खोली, नळ सामाईक, रॉकेलचा स्टोव्ह. चर्चमधल्या बायका माझं "मले, तुले" ऐकून तोंडाला पदर लावायच्या. त्यातल्याच एस्तेरबाई दर रविवारी पिशवी घेऊन मुठीचं धान्य गोळा करायला यायच्या.

आणि ह्यांना कावीळ झाली. डोळे हळदीसारखे. काम बंद, म्हणजे पगार बंद. आजार वाढतच चालला. मी प्रार्थनेला बसले तर शब्द सुचत नसत. मग मूठ हीच माझी प्रार्थना. ती तेवढी चुकली नाही. शनिवारी गाठोडं झटकलं तर दोन मुठी निघाल्या. पहिली गाडग्यात टाकली, दुसरीच्या कण्या केल्या.

रविवारी सकाळी हे अंथरुणावरून म्हणाले, "अवो, गाडग्यात हाये ना ज्वारी. तिची पेज कर."

"देवाची हाये ते."

"मंग देवालेच सांग पेज कराले."

मला हसूही आलं अन् डोळेही भरले. तेवढ्यात एस्तेरबाई आल्या. मी गाडगं त्यांच्या पिशवीत उपडं केलं. त्या गेल्यावर वाटलं, उंद्रीलाच परत जावं. पण तिथं तरी काय होतं? खडी.

दुपारी दारात पुन्हा एस्तेरबाई. पिशवी तीच, पण भरलेली. "ह्या आठवड्याची मूठ तुमच्या घरी," म्हणाल्या आणि सरळ जमिनीवर बसल्या. "आणा सूप, निवडू." कारण धान्य सगळ्या घरांचं, एकत्र. तसंच शिजवलं तर तांदळाचा लगदा होतो अन् ज्वारी कच्ची राहते.

तांदूळ, गहू, लाल मिलो. आणि मधेमधे टपोरी पांढरी ज्वारी. त्या साली आमच्या ओळखीत तशी ज्वारी माझ्याच गाठोड्यात होती. ह्यांनी एक दाणा बोटावर घेतला. "पाह्य बरं. सकाळी सासरी गेली अन् दुपारी माहेरी आली. येतानी मैतरणीबी घेऊन आली."

एस्तेरबाई पदर न लावता हसल्या. मी स्टोव्ह पेटवायच्या आधी त्यातली एक मूठ गाडग्यात टाकली. हे बघत होते.

कावीळ उतरायला बरेच दिवस लागले. तोवर पिशवी येत राहिली. चमत्कार म्हणायचा तर म्हणा. मी तर एस्तेरबाईंना पिशवी घेऊन धापा टाकत जिना चढताना पाहिलं. मला त्यातच देव दिसला.

आता माय नाही, हेही नाहीत. उंद्रीत मला पुण्याची बाई म्हणतात अन् पुण्यात वऱ्हाडातली. गाडगं केव्हाच फुटलं. त्याच्या जागी गॅसजवळ स्टीलचा डबा आहे. मुलगा परदेशात असतो. तीन घरं बदलली त्याने, मी एकही पाहिलं नाही. फोनवर मी जेवलास का विचारत नाही. विचारते, "मूठ काढली का रे?"

पुण्यात जन्मलेला पोरगा, पण उत्तर मायच्या बोलीत देतो. "हाव माय, काढली."

मग माझा जीव घरी पोचतो.