माया देवळापाशी वीस मिनिटं
दोंडाईचा स्टेशनबाहेर हातगाडीवर मक्याचं कणीस भाजल्याचा वास आला की अजून डोकं तापतं. वडिलांना घेऊन मी मेक्सिकोत माया लोकांची जुनी देवळं दाखवणाऱ्या रेल्वे सहलीला गेलो होतो. आमच्या टूर मॅनेजरने पुरी-भाजीत दीड तास घालवला आणि देवळाला वीस मिनिटं दिली. जंगलातल्या त्या उंच दगडी पायऱ्यांपाशी माझ्या वडिलांनी चपला काढल्या आणि वाकून पहिल्या पायरीला हात लावला. "आबा, इथे कसला देव, ट्रेन सुटेल," मॅनेजर ओरडला, तसे सगळे हसले. "हाई बी देऊळच शे ना?" आबांनी मला विचारलं. मी त्यांना दंडाला धरून तसंच अनवाणी ओढत नेलं. ट्रेन तासभर उशिरा आली. तोवर तिथल्या स्टेशनबाहेर एक बाई मका भाजत होती आणि आबा तळपायातले काटे काढत बसले होते. त्या मॅनेजरला मी आजही शिव्या घालतो, पण ओढत नेताना आबांच्या चपला माझ्याच हातात होत्या.