संगतकाराची खाली जागा

सुनंदाकडे गाणं शिकणाऱ्या वैशालीचा फोन आला तेव्हा मी मेथी निवडत बसले होते. "मॅडम, गायनवाल्या मॅडम ऑफ झाल्या," ती म्हणाली. मला वाटलं, सुनंदाचा फोन बंद लागतोय. तिचा फोन बंद असणं ही काही बातमी नव्हती. तो चार्ज करायचं तिला कधी सुचलंय? "अगं, मग थोड्या वेळाने लाव ना," मी म्हटलं आणि जुडीतली पुढची काडी उचलली. तशी ती हमसून हमसून रडायला लागली. आमच्या बुऱ्हाणपुरात माणूस वारत नाही, 'ऑफ' होतो. इतकी वर्षं हा शब्द ऐकतेय, मराठी शिकवणारी म्हणून त्यावर नाकही मुरडलंय, पण त्या दुपारी तो कानात शिरूनही डोक्यात शिरला नाही. सुनंदा सकाळी न्हाऊन बाहेर आली, छातीत कसंतरी होतंय असं शेजारणीला म्हणाली, आणि रिक्षा दारात येईपर्यंत सगळं संपलं होतं. लोधीपुऱ्यातल्या तिच्या घरी मी पोचले तेव्हा तिचे केस अजून ओलेच होते.

सुनंदा नेपानगरची. वडील कागद कारखान्यात, घरात मराठी, दाराबाहेर हिंदी, आणि गाणं दोन्हीकडे. आमच्या कॉलेजात संगीताचा पदवी अभ्यासक्रम आहे... आहे म्हणते मी अजून. तिथे ती गायन शिकवायची आणि भिंतीपलीकडे मी मराठी. मधली भिंत नावालाच होती. मी वर्गात समास सोडवायला घ्यावा आणि पलीकडून तिचा आवाज यावा, "गळ्यातून नको, पोटातून काढ! सकाळी जेवली नाहीस का?" माझी मुलं खुसुखुसु हसायची आणि माझा तास तिच्या ताब्यात जायचा. मी जाऊन भांडायची. ती म्हणायची, "तुझी मुलं माझा आवाज फुकट ऐकतात, त्याचं काही नाही!" स्वभावाने अत्यंत चिडकी. बेसूर लागला की समोरच्याचं वय, लिंग, घराणं काही बघायची नाही. पण तासाला कोणी उपाशी आलंय असं कळलं की डबा त्याच्यापुढे सरकवून स्वतः माझ्या डब्यावर टपायची. तिच्यामुळे मी दोन पोळ्या जास्त आणायला लागले, ते आजतागायत कमी करता आलेलं नाही.

तिच्या पहिल्या वर्षाच्या वर्गात दर जुलैमध्ये एकच गंमत व्हायची. तालात टाळीबरोबर एक 'खाली' असते. त्या मात्रेला टाळी द्यायची नाही, हात नुसता हवेत बाजूला न्यायचा. सुनंदा ताल धरून "खाली!" म्हणाली की नेपानगरच्या मराठी घरांतली मुलं हात जमिनीला टेकवायची. दोघं-तिघं तर आवाजही खाली उतरवायचे, सूर गडगडत खर्जात. हिंदी घरातली पोरं हसायची, कारण त्यांच्या लेखी खाली म्हणजे रिकामं. मग सुनंदा सांगायची, "हे बघा, ती खालीपण नाही आणि रिकामीपण नाही. तिथे आवाज नाही, पण मात्रा आहे. तिला मोजलं नाही तर सम, म्हणजे पहिली मात्रा, कधी सापडायची नाही." हे ऐकून ऐकून माझ्या मराठीच्या मुलांनाही पाठ झालं होतं. मला मात्र ताल कधीच आला नाही. मी टाळ्या वाजवते त्या आरतीला, आणि तिथेही मागेच पडते.

पुढे हाच शब्द तिच्या मानगुटीवर बसला. विभागाचे तबल्याचे गुरुजी निवृत्त झाले आणि संगतकाराची जागा 'खाली' झाली. कॉलेजच्या भाषेत संगतकार म्हणजे तासाला तबल्याची साथ करणारा माणूस. तो शिकवत नाही, म्हणून दफ्तराच्या दृष्टीने तो शिक्षक नाही. पण तो नसेल तर गाणाऱ्याला शिकवणं म्हणजे कोरड्यात पोहायला शिकवणं. सुनंदाने दरवर्षी मागणी केली, दरवर्षी "पद खाली है, भरेंगे" असं उत्तर आलं. एकदा वरून पाहणीसाठी टीम आली होती. त्यातल्या साहेबांनी वर्ग बघितला, चहा घेतला आणि विचारलं, "तबले का पद कब से खाली है?" सुनंदा म्हणाली, "साहब, खाली तो है, मगर हमारे यहाँ खाली भी गिनी जाती है." साहेब मनापासून हसले. टीममधल्या एका बाईंनी तर टाळीच दिली. सुनंदा त्या दिवशी घरी येऊन मला म्हणाली, "आवडलं गं त्यांना. बघ, आता देतात माणूस." पुढच्या सत्रात कागद आला तो पद समाप्त केल्याचा. त्यापुढच्या सत्रात नवे प्रवेश बंद. संगतकार नाही म्हणून मुलं गळाली, आणि मुलं नाहीत म्हणून संगतकाराची गरज नाही, असं ते गोल गणित होतं. त्यात चूक कोणाची हे मी आजही बोट दाखवून सांगू शकत नाही, आणि याचाच मला सर्वांत जास्त राग येतो.

शेवटच्या तुकडीत गळत गळत एकटी वैशाली उरली. तापीकाठच्या गावातली, केळीवाल्यांच्या घरातली. आवाज असा की पहिल्यांदा ऐकला तेव्हा मी खडू खाली ठेवला होता. वडिलांचं म्हणणं, पदवी घे, पुढचं पुढे बघू. सुनंदाचं म्हणणं, ही एम.ए. करणार, आणि उद्या कुठल्यातरी कॉलेजात उभी राहून माझ्यासारखी मुलांवर ओरडणार. एवढ्या एका मुलीवर तिने सगळं लावलं होतं. फोनवर तबला वाजवणारी ॲप मिळतात, ती तिने वापरून बघितली. पण विलंबित लय इतकी संथ की वैशाली मध्येच हरवायची, आणि ॲप तिला हाक मारत नव्हतं. मग सुनंदाने स्वतःच्याच आवाजात ठेके भरायला सुरुवात केली. टाळी देत, बोल म्हणत, मध्ये मध्ये सूचना: "धिं धिं... आता श्वास घे... खाली गेली... सम येतेय... ये, ये, आली!" मागे कुकरच्या शिट्ट्या, लोधीपुऱ्यातला भंगारवाला, सगळं त्यात. असे किती ठेके तिने वैशालीला पाठवले देव जाणे. वैशाली कॉलेजला यायच्या बसमध्ये कानाला लावून ते ऐकायची आणि मांडीवर बोटं आपटत बसायची.

मला ही युक्ती फार आवडली होती. मी तसं म्हटलं तर सुनंदाने फोन बाजूला सारला. मग म्हणाली, "फोन ऐकत नाही गं. तबलावाला ऐकतो. तो तुझ्याकडे बघतो, तू अडलीस की जरा ओढून घेतो, तू पुढे पळालीस की तुला धरतो. यालाच संगत म्हणतात. मी या पोरीला ताल शिकवतेय, संगत कुठून शिकवू?" शहरातल्या भजनी मंडळाच्या एका तबलजीला तिने विचारूनही बघितलं. तो दोनदा आला, मग लग्नांत वाजवायचा त्याचा हंगाम सुरू झाला. परीक्षेआधी महिनाभर खंडव्याला कोणाकडे तरी नेऊन बसवू, असं तिचं ठरलं होतं. त्या महिन्याच्या आधीच ती गेली.

कॉलेजात शोकसभा झाली. प्राचार्य म्हणाले, त्यांची जागा कधीच भरून निघणार नाही. हे मात्र ते अगदी खरं बोलले, कारण ती जागाही भरायची नाही असं तोवर ठरलेलं होतं. मी मागच्या बाकावर बसून हसले, आणि शेजारच्या शिक्षकाने माझ्याकडे वेड्याकडे बघावं तसं बघितलं. रडू मला तिथे नाही आलं. ते आलं दुसऱ्या दिवशी, भिंतीपलीकडे शुकशुकाट असताना, माझा तास पहिल्यांदाच विनाअडथळा पूर्ण झाला तेव्हा.

प्रात्यक्षिक परीक्षेचं केंद्र खंडव्याला होतं. वैशालीबरोबर मी गेले, दुसरं कोण जाणार? परीक्षक सज्जन होते. तबल्यावर एक प्रौढ गृहस्थ, तेही सज्जन. किंबहुना घात झाला तो त्यांच्या सज्जनपणानेच. वैशालीने ख्याल सुंदर उचलला. मला गाण्यातलं कळत नाही, पण परीक्षकांची मान हललेली मला दिसली. मग कुठेतरी ती जराशी मागे राहिली, घाबरून असेल. तबलावाल्यांनी तिच्याकडे बघितलं आणि तिला सांभाळून घ्यायला ठेका किंचित सैल केला. कुठलाही चांगला संगतकार हेच करतो. पण आमच्या पोरीच्या कानाला कधीही न थांबणाऱ्या, न हलणाऱ्या ठेक्याची सवय. तिला वाटलं त्यांचंच चुकलं. म्हणून ती थांबली, त्यांचं नीट व्हायची वाट बघत. ती थांबली म्हणून तेही थांबले. दोघं एकमेकांकडे बघत बसले आणि खोलीत नुसता तानपुरा चालू राहिला. "कोई बात नहीं बेटा, फिर से लो," परीक्षक म्हणाले. तिने परत घेतलं. ते परत तिच्यासाठी सैल झाले, ती परत थांबली. तिसऱ्यांदा तिच्या तोंडून सूरच निघाला नाही.

परतीच्या गाडीत ती खिडकीकडे तोंड करून बसली होती. तशीच म्हणाली, "मॅडम, ते सर रुकले ना, तर मला वाटलं गलती त्यांची झाली. म्हणून मी रुकली. मला काय माहीत ते माझ्यासाठी रुकले म्हणून!" मी तिच्या पाठीवर हात ठेवला, तो तिने काढला नाही एवढंच. "बरं झालं गायनवाल्या मॅडम नव्हत्या," ती म्हणाली. मलाही नेमकं तेच वाटत होतं आणि तसं वाटल्याची लाज वाटत होती.

निकाल लागला. लेखी सगळं निघालं, प्रात्यक्षिक राहिलं. परत बसायची मुभा आहे म्हणे, पण बसणार कोणाकडे शिकून? आमच्याकडे आता ना विभाग, ना बाई. सुनंदाच्या वर्गात कॉम्प्युटर लावलेत आणि मधल्या भिंतीतून फक्त पंख्यांची घरघर येते. एम.ए.चं नाव आता वैशालीच्या घरात कोणी काढत नाही. वडील वाईट माणूस नाहीत. मला म्हणाले, "मॅडम, पोरीने मेहनत तर केली ना! नशीब साथ नाही देत तर आपण काय करू?" हे ऐकून माझं डोकं उठलं, पण नशिबाऐवजी दुसरं कोणाचं नाव घ्यावं हे मलाही सुचेना.

मागच्या आठवड्यात मी मुद्दाम तिच्या गावी गेले. केळीच्या मळ्यातून वाट, घराचं दार उघडंच. आतून सुनंदाचा आवाज येत होता आणि मी पायरीवरच थांबले... "धिं धिं... आता श्वास घे..." वैशाली ओट्याशी पोळ्या लाटत होती आणि तांदळाच्या डब्याला टेकवून फोन उभा केलेला. मी म्हटलं, "गात का नाहीस गं?" तिने मान हलवली. "गायचं नाही आता, मॅडम. नुसतं लावून ठेवते. काम करता-करता बरं वाटते." तव्यावरची पोळी तिने उलटली. फोनमध्ये सुनंदा म्हणत होती, "सम येतेय... ये, ये..." तेवढ्यात मध्येच कोणाचातरी कॉल आला आणि तिचा आवाज तुटला. वैशालीने पिठाच्या हाताने तो घेतला, "हो, येते मी," एवढंच म्हणाली आणि बंद केला. मग पदराला बोट पुसून तिने ठेका परत लावला, आणि सुनंदा पुन्हा पहिल्या मात्रेपासून मोजायला लागली.