पोचा पडलेलं ताट
ताट घासताना काठावरचा पोचा बोटाला लागला की हेगमधली ती ओली, बोचरी सकाळ आठवते. मी वाखनिंगनच्या डच विद्यापीठात शिकत होते. सरकारने परदेशी विद्यार्थ्यांच्या अनुदानाला कात्री लावून आमची फी भरमसाट वाढवली, म्हणून आम्ही संसदेसमोर जमलो होतो. डच मुलं फलक धरून शिस्तीत उभी होती. मी पिशवीतून स्टीलचं ताट आणि लाटणं काढलं. महागाईच्या मोर्चाला आई हेच घेऊन जायची. पुण्याची मैत्रीण कुजबुजली, "अगं, व्हिसा जाईल! पाहुणे आहोत आपण इथे." "पाहुण्यांकडून जेवणाचे पैसे घेतात का?" म्हणत मी ताट बडवायला लागले. मग डच पोरांनीही सायकलींच्या घंटा सुरू केल्या. कपात काही रद्द झाली नाही. आता मी डच नागरिक, इथली मतदार आहे, आणि ताट अजून मोडीत घातलेलं नाही.